शालेय ग्रंथालय आणि माहिती साक्षरता : शोध घ्यायला मुलांना कसे शिकवावे?

आपल्याला नेमकी कोणती माहिती हवी आहे हे ओळखणे, ती शोधणे, तिची शहानिशा करणे आणि कुठून घेतली ते सांगून ती वापरणे, या चार गोष्टींना मिळून माहिती साक्षरता म्हणतात. वाचता येणे ही तिची पहिली अट आहे. पण चांगले वाचता येणाऱ्या मुलालाही ती आपोआप येत नाही. पोहणे किंवा सायकल चालवणे जसे करून शिकावे लागते, तशीच हीसुद्धा करून शिकायची गोष्ट आहे. शाळेत ती शिकवण्याची स्वाभाविक जागा म्हणजे ग्रंथालय, मग ते स्वतंत्र दालन असो की मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक कपाट.

हे शिकवायचे कसे, हे समजण्यासाठी या लेखात अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे उदाहरण घेतले आहे. पर्जन्यछायेतल्या या तालुक्याविषयी विचारता येतील असे अनेक प्रश्न आहेत, की ज्यांचे तयार उत्तर कोणत्याही एका पुस्तकात किंवा संकेतस्थळावर सापडत नाही. शोध शिकवायला असेच प्रश्न उपयोगी पडतात.

संकल्पना कुठून आली?

‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतील पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये पहिल्यांदा केला. त्या वेळी चर्चा मुख्यतः नोकरी-व्यवसायात लागणाऱ्या माहितीची होती. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने तिची व्याख्या केली आणि तिचा संबंध शिक्षणाशी व नागरिकत्वाशी जोडला. १९९० मध्ये मायकेल आयझेनबर्ग आणि रॉबर्ट बर्कोविट्झ यांनी शाळांसाठी सहा पायऱ्यांची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. ती ‘बिग सिक्स’ या नावाने ओळखली जाते. काम नीट समजून घेणे, कुठे शोधायचे ते ठरवणे, स्रोत मिळवणे, त्यातली माहिती काढणे, ती मांडणे आणि शेवटी आपले काम तपासणे, या त्या सहा पायऱ्या.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातले चौथे सूत्र. शाळेत मात्र या सूत्राचा अर्थ थोडा वेगळा घ्यावा लागतो. सातवीतल्या मुलाने विचारताच त्याच्या हाती पुस्तक दिले तर त्याचा आजचा वेळ वाचतो. ते पुस्तक कसे शोधायचे हे शिकवले तर पुढच्या अनेक वर्षांचा वाचतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. हा कायदा पहिली ते आठवीसाठी आहे. पुस्तके असावीत इतके कायदा सांगतो. ती वापरायला कशी शिकवावीत, हे शाळेवर सोपवलेले आहे.

हे शिकवणे निकडीचे का?

पहिले कारण रोजच्या शाळेतले आहे. नववी-दहावीला जलसुरक्षा, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा अशा विषयांत प्रकल्प करावे लागतात. पुष्कळदा हे प्रकल्प नेटवरून छापून आणले जातात, झेरॉक्सच्या दुकानातून तयार घेतले जातात किंवा मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवले जातात. याचा दोष एकट्या मुलांचा नाही. ‘पाणी : एक समस्या’ असा विषय दिला तर उतरवून काढण्याखेरीज मुलाला फारसे काही करता येत नाही, कारण त्यात त्याच्यासाठी प्रश्नच नसतो.

दुसरे कारण शाळेबाहेरचे आणि अधिक गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण ‘हे कोणी सांगितले, त्याला कसे कळले’ हा प्रश्न विचारण्याची सवय कोणत्याही अॅपमध्ये बसवता येत नाही. केरळमधील कन्नूर जिल्ह्यात त्याच वर्षी ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम घेऊन सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे देण्यात आले, ते याच विचाराने.

तिसरे कारण अगदी अलीकडचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे चॅटबॉट कोणत्याही प्रश्नाचे सफाईदार उत्तर देतात. ते उत्तर कधी बरोबर असते, कधी चूक. कधी त्यात अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचा हवाला असतो. तिन्ही वेळा भाषा तितकीच आत्मविश्वासाची असते. त्यामुळे उत्तर मिळवण्यापेक्षा ते तपासण्याचे कौशल्य आता अधिक महत्त्वाचे झाले आहे.

पायरी पहिली : विषयाचा प्रश्न करणे

‘सेनापती बापट’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरमध्ये झाला. त्यामुळे तालुक्यातल्या मुलांना त्यांच्यावर निबंध किंवा तक्ता हमखास करावा लागतो, आणि जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू या चौकटीत तो उतरवला जातो. त्याऐवजी असे विचारून पाहावे : बापट कोणत्याही सैन्याचे प्रमुख नव्हते, मग त्यांना ‘सेनापती’ का म्हणू लागले? याचे उत्तर शोधताना मूल १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहापर्यंत पोहोचते. धरणात जमिनी जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांच्या बाजूने बापट तिथे उभे राहिले आणि तिथूनच हे नाव रूढ झाले. एका ‘का’मुळे निबंधाचा शोध होतो.

चांगल्या प्रश्नाच्या तीन खुणा मुलांना सांगता येतात. उत्तर एका ओळीत संपत नाही. ते एकाच ठिकाणी मिळत नाही. आणि आपल्याला उपलब्ध असलेल्या दिवसांत ते शोधता येते. जलसुरक्षेच्या प्रकल्पासाठी पारनेरमधल्या एखाद्या गावात असा प्रश्न घेता येईल : १९७२ च्या दुष्काळात आपल्या गावात कोणती कामे निघाली आणि त्यातली कोणती आज वापरात आहेत? पुढच्या सर्व पायऱ्या या एकाच प्रश्नावर पाहू.

पायरी दुसरी : कुठे शोधायचे?

शोधायला निघण्याआधी स्रोतांची यादी करायची. फळ्यावर तीन रकाने आखावेत : पुस्तके व कागदपत्रे, माणसे, प्रत्यक्ष जागा.

पुस्तकांत पहिला थांबा संदर्भग्रंथांचा. दुष्काळ म्हणजे काय, पाझर तलाव कशाला म्हणतात, ही प्राथमिक माहिती मराठी विश्वकोशातून घ्यावी. विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही असेच उपलब्ध आहेत. जिल्ह्याच्या जुन्या माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ मध्ये निघालेला सतरावा खंड आहे. तो इंग्रजीत असल्याने त्यातले एखादे पान शिक्षकांनी सोबत बसून वाचावे. १९७२ चे उत्तर त्यात अर्थातच नाही. पण १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाची माहिती आहे, आणि दोन दुष्काळांची तुलना करायला ती उपयोगी पडते.

कागदपत्रे गावातही असतात. ग्रामपंचायतीच्या सभांची इतिवृत्ते, तलाठ्याकडच्या नोंदी, सातबारा उतारे आणि शाळेचे स्वतःचे जनरल रजिस्टर. या रजिस्टरात मुलांनी शाळा कधी व का सोडली याची नोंद असते. शिक्षकांनी नावे झाकून फक्त वर्षवार संख्या काढून दिली, तर दुष्काळाच्या वर्षांत किती मुलांची शाळा सुटली, हे वर्गासमोर येते.

माणसांच्या रकान्यात आजी-आजोबा येतात. १९७२ मध्ये पंधरा वर्षांची असलेली व्यक्ती आज सत्तरीच्या आसपास आहे. खडी फोडायला गेलेले, कामावर मिळणारी सुकडी खाल्लेले, रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी आठवणारे लोक अजून गावात आहेत. त्यांच्या आठवणी बहुधा कुठेच लिहिलेल्या नाहीत. हा स्रोत कायम राहणारा नाही, आणि मुलांनी तो नोंदवला तर गावालाही त्याचा उपयोग आहे.

पायरी तिसरी : शोधशब्द आणि वर्णक्रम

नेटवर शोधताना मुले पूर्ण प्रश्न टाइप करतात आणि पहिले जे येईल ते घेतात. त्याऐवजी प्रश्नातले नेमके शब्द निवडायला शिकवावे. या कामात पारनेरच्या मुलांसमोर एक चांगले उदाहरण आयतेच आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. केवळ नव्या नावाने शोधले तर त्याआधीची बहुतेक माहिती निसटते. केवळ जुन्या नावाने शोधले तर ताजी आकडेवारी सुटते. बोलीत ‘नगर’ म्हणतात, आणि इंग्रजी गॅझेटियरमधले स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळे आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यासाठी तीन-चार शब्द वापरून पाहावे लागतात.

शुद्धलेखनाचाही फरक पडतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ पासून लागू झाले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘सेनापति’, ‘कवि’ असे ऱ्हस्व शेवट आणि ‘घरांत’सारखे अनुस्वार दिसतात. जुने साहित्य शोधताना दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

छापील कोश पाहताना वर्णक्रम पक्का हवा. क्ष आणि ज्ञ काही कोशांत वर्णमालेच्या शेवटी येतात, तर काहींत क आणि ज च्या जोडाक्षरांत. विश्वकोशात व्यक्तींच्या नोंदी आडनावाने लागतात. म्हणून सेनापती बापट ‘स’मध्ये शोधून सापडत नाहीत, ‘ब’मध्ये पाहावे लागते. पुस्तकाच्या सुरुवातीची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची यांतला फरकही एकदा हातात पुस्तक देऊन दाखवावा. अनुक्रमणिका प्रकरणे सांगते, तर एखादा शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे, हे सूची सांगते.

पायरी चौथी : पारख

मिळालेल्या प्रत्येक माहितीला चार प्रश्न विचारायचे. कोण सांगतो आहे? त्याला हे कसे माहीत? केव्हा सांगितले? दुसरे कोणी स्वतंत्रपणे तेच सांगते का?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याबरोबर गोल फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कठीण बेसाल्ट खडक कोरला जाऊन ते तयार झाले आहेत. ते आशियातले सर्वांत मोठे असल्याचे विधान अनेक संकेतस्थळांवर आढळते. वर्गात ही पाने शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. वाक्यरचना सारखीच आहे का? मोजमाप कोणी आणि कधी केले, ते एखाद्या पानावर दिले आहे का? दहा ठिकाणी तेच वाक्य उतरवलेले असेल, तर ते दहा पुरावे ठरत नाहीत, एकच ठरतो. मोजणाऱ्याचे नाव कुठेच नसेल, तर मुलाने आपल्या वहीत ‘सर्वांत मोठे आहेत’ असे न लिहिता ‘सर्वांत मोठे असल्याचे म्हटले जाते’ असे लिहावे. वाक्यातला हा छोटा बदल म्हणजेच माहिती साक्षरता.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केलेल्या अभ्यासात दिसले की, व्यावसायिक तथ्यतपासनीस अनोळखी संकेतस्थळ फार वेळ वाचत बसत नाहीत. ते लगेच दुसऱ्या खिडक्या उघडून त्या संकेतस्थळाविषयी इतर काय म्हणतात ते पाहतात. याला ‘आडवे वाचन’ म्हणता येईल. पुस्तक वरून खाली वाचायचे आणि अनोळखी संकेतस्थळ आधी आडवे, हा नियम मुलांच्या चटकन लक्षात राहतो.

आठवणींचीही पारख करावी लागते, पण आदराने. एखाद्या आजी म्हणतात, “बहात्तर साली आम्ही रोजगार हमीवर होतो.” मूल लिहून घेते. पुढे वाचताना कळते की रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे आणि तो १९७९ पासून अमलात आला. १९७२-७३ मधली कामे बहुतांशी दुष्काळ निवारणाची होती. म्हणजे आजी खोटे बोलल्या का? नाही. नंतर रूढ झालेले नाव त्यांनी आधीच्या कामाला दिले. शिवाय ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणताना लोक आगेमागेची वर्षेही त्यात धरतात. काम काय होते, कुठे होते, कोण सोबत होते, हे आठवणीतून चांगले कळते. साल मात्र कागदावरून पक्के करावे. आणि कागदावर ‘काम पूर्ण’ असेल पण बांध कुठेच दिसत नसेल, तर तेही लिहावे. कागद चुकू शकतो, हेसुद्धा मुलांना कळायला हवे.

पायरी पाचवी : टिपण आणि स्रोताची नोंद

उतरवून काढण्यावरचा सोपा उपाय म्हणजे पुस्तक मिटून टिपण करणे. मुलाने एक परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे, शेजाऱ्याला तो आपल्या बोलीत सांगावा आणि मग लिहावा. सांगता आला नाही तर तो समजलेला नाही. परत उघडून वाचावा. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे असतील तर अवतरणचिन्हात घ्यावेत.

पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे करून टिपणपत्रे बनवता येतात. एका पत्रावर एकच मुद्दा आणि त्याखाली स्रोत. पुस्तक असेल तर लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष व पान. संकेतस्थळ असेल तर त्याचे नाव आणि पाहिल्याची तारीख. मुलाखत असेल तर नाव, गाव, अंदाजे वय व मुलाखतीची तारीख. मुलाखत देणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी आणि नाव नको म्हटले तर लिहू नये. पत्रे नंतर वर्गात पसरून हवी तशी लावता येतात, त्यातून प्रकल्पाची मांडणी तयार होते.

कोणत्या इयत्तेत काय?

पाचवी-सहावी : वर्णक्रम, शब्दकोश व अनुक्रमणिका पाहणे, पुस्तकाचे नाव-लेखक-प्रकाशक ओळखणे, एका प्रश्नासाठी दोन पुस्तके पाहणे.

सातवी-आठवी : विषयाचा प्रश्न करणे, शोधशब्द निवडणे, टिपणपत्रे, एक मुलाखत, मत आणि वस्तुस्थिती यांत फरक करणे.

नववी-दहावी : परस्परविरोधी स्रोतांची तुलना, आडवे वाचन, आकडेवारीचा तक्ता, स्रोतांची यादी आणि तोंडी सादरीकरण.

ग्रंथपाल नसेल तर?

लहान पटाच्या शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल बहुधा नसतो. पुस्तकांचा भार एखाद्या शिक्षकाकडे असतो, आणि दाखल नोंदवहीतले एखादे पुस्तक हरवले तर त्याचा हिशेब द्यावा लागेल या धास्तीने कपाटाला कुलूप राहते. यावर व्यवहार्य मार्ग असा की, चाळीस-पन्नास संदर्भपुस्तके ‘फक्त इथेच वाचण्यासाठी’ म्हणून उघड्या फळीवर ठेवावीत आणि त्यांची देखरेख वरच्या वर्गातल्या मुलांकडे पाळीपाळीने द्यावी. दशमान वर्गीकरण पूर्ण लावणे जमले नाही, तरी विषयवार रंगीत पट्ट्या लावता येतात.

दुसरे म्हणजे यासाठी स्वतंत्र तास मागत बसू नये. ग्रंथालयाच्या तासाला ‘शोध कसा घ्यावा’ असे व्याख्यान दिले तर ते विसरले जाते. इतिहास किंवा जलसुरक्षेच्या शिक्षकांनी दिलेला प्रकल्प चालू असतानाच ग्रंथालयात त्याची एकेक पायरी शिकवली तर ती हाताला वळण लावते. त्यासाठी विषयशिक्षक आणि ग्रंथालय सांभाळणारे शिक्षक यांनी सत्राच्या सुरुवातीला एकदा एकत्र बसणे पुरेसे आहे.

गुण कशाला द्यावेत?

मुले ज्याला गुण असतात ते करतात. सुबक मुखपृष्ठ आणि पानांची संख्या यांनाच गुण असतील तर प्रकल्प विकत आणला जाणार. प्रश्न स्वतःचा आहे का, किमान तीन प्रकारचे स्रोत पाहिले का, प्रत्येक मुद्द्याचा स्रोत दिला आहे का, स्रोतांत मतभेद आढळला तर तो नोंदवला आहे का, यांना गुण दिले तर कामाची दिशा बदलते. पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत “हे तुला कुठे मिळाले?” एवढे विचारले तरी कोणी काम केले आणि कोणी आणले, ते समजते.

एक गुण आणखी राखून ठेवावा. शोध घेऊनही उत्तर मिळाले नाही, तर ‘कुठे कुठे पाहिले आणि काय मिळाले नाही’ हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाला तो द्यावा. न सापडलेले उत्तर मनाने रचून लिहायचे नाही, हे शिकवण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. पूर्ण झालेले प्रकल्प रद्दीत न घालता दाखल क्रमांक देऊन ग्रंथालयातच ठेवावेत. पुढच्या वर्षीची मुले मग त्यावरून उतरवणार नाहीत का, ही शंका रास्त आहे. पण प्रश्न दरवर्षी बदलला, तर जुना प्रकल्प नव्या मुलांसाठी तपासून पाहायचा आणखी एक स्रोत ठरतो.